प्रकरण अकरा: स्वयंअध्ययन

३ जुलै, सोमवार. सकाळी ७.४०

नवी वही. आधीची वही आईच्या नोंदींची होती. ती भरली नव्हती, पण तिचं काम संपलं.

भाषेच्या बाईंचा पाय मोडला. सहा आठवडे प्लास्टर. नववी ब ला त्यांची कादंबरी कोणीतरी शिकवायला हवी. मुख्याध्यापिका म्हणाल्या, तुमचे कॉम्प्युटरचे तास कमी आहेत, तुम्ही घ्या. मी म्हणाले, माझं शिक्षण उपकरणं तपासण्याचं आहे. शाळेत येण्याआधी मी दवाखान्यातली यंत्रं तपासायचे, साहित्य नाही. त्या म्हणाल्या, अहो, गोष्टच तर आहे, वाचून दाखवायची. मुलं रडली तर रुमाल द्यायचा.

रुमालाची वेळ येणार नाही. नियोजन केलं आहे.

पुस्तक १६८ पानी, प्रकरणं १४. एका घरातला पाच वर्षांचा मुलगा गच्चीवरून पडून जातो. गच्चीच्या दाराची कडी उघडी राहिलेली असते. ती आपल्या हातून राहिली असं त्याची आई धरून बसते. प्रत्यक्षात ती चौदा वर्षांच्या बहिणीच्या हातून राहिलेली असते, आणि ती गप्प असते. इतकंच कथानक. आठवड्याला तीन तास, म्हणजे अठरा तास. चौदा प्रकरणांना, दोन उजळणीला, एक चाचणीला, एक राखीव.

भाषेच्या बाईंना हे पुस्तक शिकवायला दर वर्षी अडीच महिने लागतात म्हणे. नियोजन नसलं की असं होतं.

५ जुलै, बुधवार. मधली सुट्टी

पहिला तास. मुलांना एक तक्ता करायला दिला. डावीकडे पात्रं, वर प्रकरणं, चौकटीत ते पात्र दुःख कसं व्यक्त करतं ते: रडणं, अबोला, काम, राग. दुःख हे मोजता येईल अशा वागण्यात उतरवलं की चर्चा भरकटत नाही.

पहिल्या बाकावर एक मुलगी आहे, वर्ग तिला वकील म्हणतो. तिने विचारलं, बाई, आई रडत रडत भांडी घासते, ते रडण्यात धरायचं की कामात? मी म्हणाले, दोन्हीकडे खूण करा. ती म्हणाली, मग बेरीज जास्त येईल, एका बाईचं दुःख डबल होईल. वर्ग हसला. मी म्हणाले, अर्धी अर्धी खूण करा.

वकिलीणबाईंच्या शेजारी बसते तिला मौनी म्हणतात. तिने तक्ता कोराच दिला. खाली लिहिलं होतं, अजून कळलं नाही.

एकूण तास समाधानकारक.

९ जुलै, रविवार. सकाळी ११

बाबांचा फोन. दर रविवारी दहाला येतो, आज ९.५२ ला आला.

बाबांचं बोलणं गेले आठ महिने एकाच जागी येऊन थांबतं. आई गेली त्या दुपारी ते तिच्या पलंगाशेजारी आरामखुर्चीत होते. आईच्या बोटाला ऑक्सिजन मोजणारं यंत्र लावलेलं होतं. आकडा खाली गेला की ते वाजतं. बाबांचा डोळा लागला होता. जाग आली तोवर सगळं संपलं होतं. यंत्र वाजलं असणार आणि आपल्याला ऐकू आलं नाही, असं ते म्हणतात. आज म्हणाले, धाकटे, माझे कान गेलेत गं. टीव्हीसुद्धा मोठा लावावा लागतो.

मी म्हणाले, बाबा, तपासून घ्या. बाबा एकाहत्तर वर्षांचे आहेत. या वयात ऐकू कमी येणं अपेक्षितच असतं. रिपोर्ट येईल, त्यात ते लिहिलेलं असेल, कारण सापडेल, विषय संपेल. ताईला फोन करून तेवीस तारखेची वेळ घ्यायला सांगितली. ताई त्यांच्याच गल्लीत राहते, पण तारखा नेहमी मलाच ठरवाव्या लागतात. ताई म्हणाली, नुसत्या तारखा ठरवू नकोस, स्वतः पण ये. नोव्हेंबरनंतर तू इथे किती वेळा आलीस ते मी मोजलंय.

मीही मोजलं आहे. दोन.

११ जुलै, मंगळवार

प्रकरण ४ पूर्ण. नियोजनापेक्षा एक तास पुढे.

भूगोलाच्या बाई स्टाफरूममध्ये म्हणाल्या, काय हो, डोळे कोरडे कसे तुमच्या वर्गाचे? आमच्या भाषेच्या बाई चौथ्या प्रकरणाला स्वतःच बाहेर जाऊन तोंड धुऊन यायच्या. मी म्हणाले, माझ्या वर्गात वेळ वाया जात नाही. त्या म्हणाल्या, ते दिसतंच आहे.

वकिलाचा प्रश्न: मुलगी आईला सांगत का नाही? मी म्हणाले, पुढे येतं. ती म्हणाली, पण रोज आईला तसं बघून तिला जेवण कसं जातं? मी म्हणाले, पान ४६ वर ती जेवताना दाखवली आहे. ती म्हणाली, तेच तर विचारतेय.

१४ जुलै, शुक्रवार. दुपारी १.१५

पुढची तयारी. प्रकरण ११ वाचायला घेतलं. पान १२७ पर्यंत वाचलं. मग चहा आला.

हे प्रकरण तपासता असं दिसतं की त्यात घटना एकही नाही. मुलगी स्वयंपाकघरात जाते आणि आईला सांगते की कडी तिने उघडी ठेवली होती. बारा पानं नुसतं बोलणं. वाचकाला ही माहिती पहिल्या प्रकरणापासून आहेच, म्हणजे ही पुनरावृत्ती झाली. वगळलं तर कथानकाला धक्का लागत नाही, उलट एक तास वाचतो.

नियोजनात बदल केला. प्रकरण ११: स्वयंअध्ययन.

१७ जुलै, सोमवार. सकाळी ६.५०

यंत्राविषयी एक तांत्रिक बाब नोंदवून ठेवते. आधीच्या वहीत ती राहून गेली. बाकी सगळं तिथे आहे: तासातासाचा ऑक्सिजन, औषधांच्या वेळा, नळी कधी बदलली.

शेवटच्या आठवड्यात आईचा आकडा मर्यादेच्या काठावरच असायचा. यंत्र दर पाच-सात मिनिटांनी वाजायचं. आईला झोप नाही. ती म्हणायची, याचं तोंड बंद कर गं, मरायलासुद्धा निवांत देईना हे. मी जवळ बसलेली असे तेव्हा आवाज शून्यावर करायचे आणि आकडा स्वतः बघायचे. उठताना परत पाचवर. ही पद्धत योग्य होती. सहा दिवसांत मी आवाज सोळा वेळा कमी केला आणि पंधरा वेळा परत वाढवला.

सोळाव्या वेळी दुपारचे दोन वाजले होते. मला नव्या नळ्या आणायला जायचं होतं. आई झोपली होती, बऱ्याच दिवसांनी शांत. मी बाबांना म्हणाले, बाबा, तुम्ही पडा जरा खुर्चीत, वाजलं की मला फोन करा.

मग गेले.

बाबांना हे माहीत नाही. ताईलाही नाही. सांगून काही बदलत नाही. डॉक्टरच म्हणाले होते, दोन-चार दिवसांचा प्रश्न होता. म्हणून ही बाब परिणामाच्या दृष्टीने गौण आहे. पूर्णतेसाठी नोंदवली.

२० जुलै, गुरुवार

प्रकरण ९. मुलांना सांगितलं की अकरावं घरी वाचायचं आहे. वकील म्हणाली, बाई, तेच तर मेन आहे. मी म्हणाले, वेळेअभावी. ती म्हणाली, पण आपण तर पुढे आहोत, तुम्हीच फळ्यावर लिहिलंय. फळ्यावरचा नियोजनाचा तक्ता पुसला. तो तिथे असायची गरज नव्हतीच.

रविवारच्या तपासणीनंतर बाबांचा विषय मिटेल. मग दर रविवारी दहा वाजता दुसरं काहीतरी बोलता येईल. विषयांची यादी केली: हवा, गुडघे, ताईच्या मुलाची शाळा, घराचं रंगकाम.

२३ जुलै, रविवार. दुपारी ३.३०, परतीची बस

रिपोर्ट नॉर्मल.

दोन्ही कान. आलेख मी स्वतः पाहिला. वयाच्या मानाने नॉर्मल असंही नाही, नुसतंच नॉर्मल. तपासणारा माणूस हौसेने म्हणाला, आजोबा, तुमचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत, शेजारच्यांची भांडणं ऐकत बसा.

बाबा हसले नाहीत. बाहेरच्या बाकावर बसून रिपोर्टची घडी घातली, उघडली, परत घातली. मग म्हणाले, म्हणजे मी ऐकलं असणार. मी म्हणाले, तसं होत नाही, झोपेत मेंदू आवाज गाळतो. ते म्हणाले, नाही, ऐकलं असणार. ऐकलं, आणि उठायचा कंटाळा केला. रोज वाजायचं ना ते सारखं. वाटलं असेल, वाजू दे.

मी म्हणाले, दुसरीकडे दाखवू या. एका तपासणीवर जाऊ नये. ते म्हणाले, कान चांगले आहेत म्हणतात तर तुझं काय बिघडलं?

घरी गेले नाही. बस सव्वातीनची होती. साडेचारचीही असते, पण तिला गर्दी असते.

निष्कर्ष: तपासणीची कल्पना बरोबर होती. निकाल अनपेक्षित.

२५ जुलै, मंगळवार

प्रकरण १२. त्यात आई मुलीशी महिनाभर बोलत नाही. तिचं ताट वाढते, वेणी घालते, पण बोलत नाही. मागच्या बाकांवरून कोणीतरी विचारलं, का बोलत नाही? मी म्हणाले, अकरा वाचा. वकील म्हणाली, आम्ही वाचलं बाई. मग म्हणाली, तुम्ही वाचलंय का?

मी म्हणाले, हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आहे.

वस्तुतः मी १६८ पैकी १६० पानं वाचली आहेत. हे ९५ टक्क्यांहून जास्त होतं.

२८ जुलै, शुक्रवार. संध्याकाळी ६

चाचणी घेतली, बाराव्या प्रकरणापर्यंतची. एकतीस पेपर, आजच तपासले. प्रश्न पाचवा असा होता: मुलीच्या जागी तुम्ही असता तर आईला काय सांगितलं असतं? ८० ते १०० शब्द. गुण ५. हा प्रश्न मी मुद्दाम घातला, म्हणजे अकरावं प्रकरण वगळलं असं कोणी म्हणू नये.

बहुतेकांनी खरं सांगितलं असतं. सगळे फार धीट आहेत. वकिलाने २३४ शब्द लिहिले, त्यात मुलीच्या बाजूने सहा मुद्दे आणि आईच्या बाजूने चार. चार गुण दिले, शब्दमर्यादेचा एक कापला.

मौनीने एक ओळ लिहिली: कडी आधीपासूनच खराब होती, नीट बसत नव्हती, असं सांगितलं असतं.

शून्य दिला. शेरा लिहिला: कादंबरीत कडी खराब नाही. पान ९ पाहा. उत्तर वस्तुस्थितीला धरून हवं.

३० जुलै, रविवार. सकाळी १०.४०

दहाला फोन आला नाही. मी केला. ताईने उचलला.

ती म्हणाली, बाबा फोनवर यायला तयार नाहीत. त्यांनी आरामखुर्ची माळ्यावर टाकली. दुपारी पडत नाहीत. दोन ते चार आईच्या खोलीत स्टुलावर ताठ बसतात, टेकायचंसुद्धा नाही. परवा बसल्या बसल्या तोल गेला, कोपर फुटलं. ताई म्हणाली, मी बोलून बोलून थकले. म्हणतात, त्या दिवशी उठायला हवं होतं, आता तरी जागा राहतो. तू ये आणि त्यांना काहीतरी सांग. यंत्रातलं तुला कळतं. तुझं ऐकतील.

मी म्हणाले, पुढच्या रविवारी येते.

ठरलं. सांगायचं. गुंतागुंतीचं काही नाही. कार्डावर पाच मुद्दे लिहिले: आवाज का कमी करत असे. किती वेळा. त्या दिवशी काय राहिलं. यंत्र वाजलंच नाही. म्हणून तुमची चूक नाही. वेळ लावून दोनदा म्हणून पाहिलं. २ मिनिटं ४० सेकंद. दुसऱ्या वेळी २.२५. प्रश्नांसाठी दहा मिनिटं धरली आहेत.

बाबा रागावले तर तो त्यांचा हक्क आहे. महिनाभर बोलले नाहीत तरी चालेल. तसंही आम्ही आठवड्यातून नऊ मिनिटंच बोलतो.

३ ऑगस्ट, गुरुवार

कार्ड पाठ आहे. सरावात तिसऱ्या मुद्द्यावर आवाज बसतो. धूळ असावी, कॉम्प्युटरची खोली आज झाडलेली नव्हती. प्रत्यक्षात अडचण येणार नाही.

भूगोलाच्या बाई म्हणाल्या, एकट्याच काय पुटपुटता हो, कविता पाठ करताय का? मी म्हणाले, मुद्दे आहेत. त्या म्हणाल्या, कोणाला पटवायचेत? मी म्हणाले, वडिलांना. त्यांनी त्यांच्या डब्यातलं अर्धं माझ्या झाकणात काढून ठेवलं आणि वही तपासायला लागल्या. का ते कळलं नाही. मी डबा आणला होता.

६ ऑगस्ट, रविवार. संध्याकाळी ५.१०, बस

क्रमाने लिहिते.

१.४५ ला पोचले. दार बाबांनी उघडलं. कोपराला पट्टी. बारीक झाले आहेत, चार-पाच किलो तरी. म्हणाले, आलीस? बरं झालं, तुझ्याकडे काम आहे.

मी म्हणाले, मलाही बोलायचंय. ते म्हणाले, आधी हे बघ. आईच्या खोलीत घेऊन गेले. पलंगावर चादर घातलेली होती. स्टूल. टेबलावर ते यंत्र, वायर प्लगमध्ये. म्हणाले, कपाटातून काढलं मी. म्हटलं झोपून बघू, उठतो का आवाजाने. बोटाला लावतो, मग काढतो. बोट काढलं की वाजायला हवं ना? तू म्हणाली होतीस तेव्हा. चार दिवस बघतोय. वाजतच नाही.

आवाज शून्यावर होता. यंत्र बंद केलं तरी ते हे लक्षात ठेवतं. पडद्याच्या कोपऱ्यात चिन्ह असतं, तांदळाच्या दाण्याएवढं. माहीत असलं तरच दिसतं.

बाबा म्हणाले, बिघडलंय का हे?

कार्ड पर्समध्ये होतं. पाचही मुद्दे पाठ होते. पहिलं वाक्य असं होतं: बाबा, मी आवाज कमी करत असे कारण आईला झोप लागत नव्हती.

मी म्हणाले, स्क्रू ड्रायव्हर आहे का?

त्यांनी तो टेबलावर आधीच काढून ठेवला होता. मी यंत्र पालथं केलं, मागचे चार स्क्रू काढले, झाकण उघडलं. आत सगळं व्यवस्थित होतं. चांगलं बनवलेलं यंत्र आहे. बाबा वाकून बघत होते, त्यांचा श्वास माझ्या कानाला लागत होता. स्पीकरची वायर मी बोटाने हलवली. ती हलत नव्हती, पक्की होती. मी म्हणाले, ही सैल झाली होती.

झाकण लावलं. चार स्क्रू. मग यंत्र माझ्याकडे वळवून आवाज पाचवर केला. बाबांनी बोट घातलं, ९७ आला, बोट काढलं. वाजलं. ताई समोरच्या घरातून धावत आली, काय झालं म्हणून.

बाबा म्हणाले, म्हणजे त्या दिवशी वाजलंच नव्हतं. तीनदा म्हणाले. पहिल्यांदा माझ्याकडे बघून, मग ताईकडे, मग पलंगाकडे.

मी म्हणाले, नाही. नव्हतं वाजलं.

हा कार्डावरचा चौथा मुद्दा. म्हणजे पाचपैकी दोन मुद्दे सांगून झाले, कारण पाचवा त्यातून आपोआप निघतो. ४० टक्के.

ताईने माळ्यावरून खुर्ची काढली. बाबा २.५० ला खुर्चीत टेकले आणि बोलता बोलता झोपले. तोंड उघडं, घोरत. ताई दारात उभी राहून रडली, मग भांडी घासायला गेली. दोन्हीकडे खूण. मी स्टुलावर बसले. चार वाजेपर्यंत बसले.

उठल्यावर बाबा म्हणाले, धाकटे, एक कर. त्या कंपनीला तक्रार लिही. कडक लिही. आपलं जायचं ते गेलं, पण उद्या दुसऱ्या कोणाच्या घरी असं व्हायला नको. तुला ती भाषा येते. मी सही करतो. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, तू तपासल्याशिवाय काही सोडत नाहीस. त्या दिवशी बघायचं राहून गेलं असेल. चालायचंच.

मी हो म्हणाले.

७ ऑगस्ट, सोमवार. सकाळी ७.२०

तक्रारपत्राचा मसुदा. विषय: यंत्राचा आवाज न येणे. महोदय. पुढे लिहिता आलं नाही. यंत्राचा क्रमांक माझ्याकडे नाही. रविवारी बघून लिहीन.

बाबा काल सकाळीच सही केलेला कोरा कागद तयार ठेवून बसले होते, म्हणे. ताईने तो माझ्या पर्समध्ये घातला आहे. कार्डाच्या मागे.

राखीव तास आज आहे, तिसऱ्या तासिकेला. प्रकरण ११ वर्गात घ्यायचं ठरवलं आहे. पान १२८ पासून पुढची आठ पानं वकील वाचेल. मी फळ्यापाशी उभी राहीन.

पेपर परत द्यायच्या आधी एक दुरुस्ती. मौनी, प्रश्न पाचवा: शून्य खोडला, पाच दिले. शेराही खोडला. त्या जागी काय लिहावं ते सुचलं नाही, म्हणून नुसती सही केली.